सिरोटेक तळ्यातले चोर

व्हेंडेलिन सौचेक बांधावरच्या घरात जन्मला आणि म्हातारा होईपर्यंत त्याच घरात राहिला. घर म्हणजे दोन खोल्या, वर माळा आणि मागे कोंबड्यांचं खुराडं. पुढच्या खिडकीतून तळं दिसे, मागच्या खिडकीतून गावातल्या घरांची छपरं. तळ्याचं नाव सिरोटेक, म्हणजे पोरका. आमच्या दक्षिण बोहेमियात बाकीची तळी कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. हे एकटंच एका ओढ्यावर बांधलेलं, म्हणून हे नाव पडलं असावं.

घर सौचेकांचं नव्हतं. ते तळ्याच्या राखणदाराचं होतं. तळं ज्याच्या राखणीत, घर त्याचं. आधी तळी जमीनदाराची होती, दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारची झाली, पण हा नियम बदलला नाही. वसंतात तळ्यात दोन वर्षांचे कार्प मासे सोडायचे, उन्हाळाभर त्यांना दाणा घालायचा, आणि शरदात बांधातल्या मोरीच्या फळ्या एकेक काढून पाणी सोडून द्यायचं. पाणी आटलं की खळग्यात गोळा झालेला मासा जाळ्याने ओढायचा. तो मासा शहरात जायचा आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघर तळला जायचा.

या धंद्यात एक मोठी अडचण आहे. शेतकऱ्याला पीक डोळ्यांनी दिसतं, गुराख्याला गाय दिसते. राखणदाराला मात्र पाणी दिसतं. खाली काय चाललंय ते त्याला पाणी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि कळतं तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

व्हेंडेलिनच्या बापाला ते असंच कळलं होतं. युद्धाच्या आधीची गोष्ट. बापाने एका वर्षी जमीनदाराच्या सांगण्यावरून तळ्यात श्तिका सोडल्या. श्तिका म्हणजे लांब तोंडाचा, दातेरी, शिकारी मासा. लव्हाळ्यात काठीसारखा निश्चल उभा राहतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. हॉटेलांत त्याला चांगली मागणी असे. बापाने दंडाएवढ्या श्तिका आणल्या आणि त्याच वर्षी तळ्यात तळहाताएवढी कार्पची पिल्लं सोडली. शरदात सगळं गाव काठावर उभं असताना जाळं वर आलं. त्यात श्तिका होत्या, चांगल्या गुबगुबीत. कार्प टोपलीभरही नव्हते.

बापाची नोकरी वाचली, कारण हुकूम जमीनदाराचाच होता. पण गाव हसलं ते हसलं. सौचेकांकडे जेवायला जाताना आपला मासा आपण घेऊन जावा, असं लोक कितीतरी वर्षं म्हणत. व्हेंडेलिन तेव्हा विशीच्या आत होता. जाळ्याची एक दोरी त्याच्या हातात होती आणि ती किती हलकी लागली हे तो कधी विसरला नाही. मरताना बापाने त्याला उपदेश वगैरे केला नाही. एवढंच म्हणाला, "चोराला घरात घेऊ नको."

व्हेंडेलिनने ते अक्षरशः पाळलं. तळं हाती आल्यावर दरवर्षी मार्चमध्ये, बर्फ वितळून लव्हाळ्यात पाणी चढलं आणि श्तिका अंडी घालायला काठाशी आल्या, की तो कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून तीन टोकांचा भाला घेऊन पाण्यात उतरे. शरदात मासा ओढताना जाळ्यात चुकून श्तिका आलीच, तर आधी ती उचलून पिंपात आपटे आणि मग कार्पांकडे वळे. मोठ्या श्तिकांचे जबडे वाळवून तो मोरीजवळच्या खोपटाच्या दारावर ठोकून ठेवी. ते दार लांबून करवतीसारखं दिसे.

त्याची बायको आनेश्का. खाटकाची मुलगी, लग्न होऊन आली तेव्हाच मासा उजव्या हाताने साफ करू लागली आणि डाव्या हाताने मांजर हाकलू लागली. तिने दार पाहून पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, की ही देवळातली आरास आहे की घर आहे.

कितीतरी वर्षं सगळं नीट चाललं. सिरोटेकचे कार्प पाठीला रुंद आणि मांसाला लालसर असत. व्हेंडेलिन रोज सकाळी बांधाच्या दगडावर पालथा पडून हात पाण्यात घाली. जुन्या राखणदारांची ही रीत आहे. कोपरापर्यंत हात बुडवल्यावर बोटं पुसट दिसली तर पाणी चांगलं. मनगट बुडतानाच दिसेनाशी झाली तर पाणी जास्त हिरवं. कोपर बुडाल्यावरही नखं स्वच्छ दिसली तर पाणी उपाशी, मग खत घालायचं.

सत्तरच्या दशकात ही बोटं लवकर दिसेनाशी होऊ लागली. आधी मनगट बुडताच, मग तळहात बुडताच. पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालं. कार्प मात्र लहान निघू लागले. व्हेंडेलिनने नेमका उलटा अर्थ लावला. मासा बारीक, म्हणजे तो उपाशी. उपाशी, म्हणजे वाढायला हवं. त्याने शेणखताच्या गाड्या वाढवल्या आणि दाण्याची पोतीही. पुढच्या वर्षी कार्प आणखी बारीक निघाले. पोटाला चरबी, अंगाला मांस नाही. जाळ्यात त्यांच्याबरोबर बारक्या मासळीचा खच येऊ लागला. बोटभर, चंदेरी, कुणाच्या कामाची नाही. ओढ्यातून आलेली ती मासळी पाणी सोडल्यावरही डबक्यांत तग धरून राही आणि वसंतात पुन्हा अंडी घाली. व्हेंडेलिन ती फावड्याने कोंबड्यांना टाकी आणि विसरून जाई.

त्या सुमारास मत्स्यपालनाच्या कचेरीत झ्दिस्लावा तोमेशोवा नावाची मुलगी इंजिनियर म्हणून आली. तिच्याकडे रेशमी कापडाचं शंकूसारखं जाळं होतं. ते ती होडीमागे ओढी आणि काचेच्या बरणीत पिळून उजेडात धरी. इतर तळ्यांच्या बरण्यांत तांबूस ठिपके उड्या मारत. त्या पाणपिसवा, पाण्यातले पिसवेएवढे जीव. सिरोटेकच्या बरणीत नुसतं हिरवं पाणी होतं.

तिने व्हेंडेलिनला बांधावर बसवून सांगितलं, की ऊन पडतं ते हिरवं शेवाळ खातं, शेवाळ पिसवा खातात, पिसवा कार्प खातो, आणि दर पायरीला दहा पोत्यांतलं जेमतेम एक पोतं वर चढतं.

"आणि बाकीची नऊ?" व्हेंडेलिनने विचारलं. त्याला हे कचेरीतल्या गळतीसारखं वाटलं.

"जगण्यात जातात, काका. पोहण्यात, श्वासात. तुम्ही चूल पेटवता तेव्हा सगळी ऊब भांड्यातच जाते का?"

हे त्याला पटलं. पुढचं पटलं नाही. ती म्हणाली की सिरोटेकमध्ये पिसवा आहेतच कुठे, बारकी मासळी त्या चट्टामट्टा करते. शेवाळाला खाणारं कुणी उरत नाही, म्हणून पाणी हिरवं. "तुम्ही खत घालून गवत वाढवताय, काका. पण गाई कुणीतरी हाकून नेल्यात. आणि नेणाऱ्याला अडवणारं तळ्यात कुणी नाही. तुम्ही श्तिका ठेवतच नाही."

"ठेवणारही नाही," व्हेंडेलिन म्हणाला आणि उठला.

त्या शरदातला मासा इतका वाईट निघाला की काठावरचे लोक सूप पिऊन लवकर घरी गेले. आमच्याकडे अशी रीत आहे, की नवीन माणूस मासा ओढायला आला तर राखणदार त्याला चिखलात वाकवून पाठीमागे होडीच्या वल्ह्याचा फटका देतो. मग तो मच्छीमारांपैकी एक. झ्दिस्लावा दिवसभर जाळ्याच्या दोरीला होती. व्हेंडेलिनने दोन शाळामास्तरांना वल्हं मारलं, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने दोरी गुंडाळली, बूट धुतले आणि गेली.

त्याच संध्याकाळी कचेरीचे मोठे साहेब, बार्टाक, स्वयंपाकघरात येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आनेश्काची खसखशीची पोळी खाल्ली, हवापाण्याचं बोलून झालं, आणि मग सांगितलं की सिरोटेक आणखी दोन वर्षं पाहू. नाही सुधारलं तर ते शेजारच्या मोठ्या तळ्याच्या राखणदाराला जोडून देऊ. व्हेंडेलिनला शहरात कचेरीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळेल. नळाला गरम पाणी आहे, असंही ते म्हणाले.

साहेब गेल्यावर आनेश्का म्हणाली, "चौथ्या मजल्यावर कोंबड्या चढवायच्या कशा ते विचारायचं राहिलं."

व्हेंडेलिन हसला नाही.

पुढच्या वर्षी त्याने आणखी खत घातलं. ऑगस्टमध्ये सलग उकाडा पडला, वारा पूर्ण पडला. एका पहाटे आनेश्काने त्याला हलवून उठवलं. तळ्यावरून आवाज येत होता, शेकडो माणसांनी एकदम चहा भुरकावा तसा. कार्प तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं, आणि एवढ्या दाट शेवाळाने रात्रभरात पाण्यातला श्वास संपवून टाकला होता. व्हेंडेलिनने ओढ्याचं पाणी आत घेणारं दार उघडलं, होडी काढली आणि ऊन वर येईपर्यंत वल्ह्याने पाणी झोडपत राहिला. बरेच वाचले. बांधाच्या कोपऱ्यात मात्र मेलेल्या कार्पांची रांग लागली.

आनेश्का मेलेलं वाया घालवणाऱ्यांतली नव्हती. त्यांतले ताजे निवडून ती मागच्या दारी साफ करायला बसली. शेजारी बादलीत कोंबड्यांसाठी पकडलेली बारकी मासळी होती. थोड्या वेळाने तिने नवऱ्याला हाक मारली. व्हेंडेलिन ओल्या कपड्यांनीच आला. तिने दोन बशा पुढे ठेवल्या होत्या. एकीत कार्पाच्या आतड्यातून निघालेलं होतं: फुगलेला गहू, दुसरं काही नाही. दुसरीत तिने बारक्या मासळीची पोटं पिळून ठेवली होती. टोमॅटोच्या गरासारखा तांबडा लगदा.

"हे काय आहे ते तुला माहीत आहे," ती म्हणाली.

त्याने तांबड्या लगद्यात बोट घालून पाहिलं.

"पिसवा आहेत. ती पोरगी सांगत होती त्याच. व्हेंडा, तुझ्या लाडक्यांना नुसती भाकरी आणि या उंडग्यांना मटण. आणि तू दर मार्चला भाला घेऊन निघतोस ते कुणाला मारायला? चोर सोडून संन्याशाला फाशी."

"श्तिका संन्यासी नाही," व्हेंडेलिन म्हणाला. 

"नसेल. पण घरात उंदीर झाले की मांजराचा स्वभाव कोण विचारतं?"

त्याने दोन्ही बशा खुराड्यापुढे नेऊन ठेवल्या. मग कोंबड्यांनी दुसरी बशी साफ केली.

त्या शरदातही मासा वाईटच निघाला; उरलं एक वर्ष. या वेळी व्हेंडेलिनने तळं पूर्ण आटू दिलं आणि हिवाळाभर कोरडं ठेवलं. चिखलातल्या प्रत्येक डबक्यात चुनकळी टाकली, म्हणजे बारकी मासळी तिथे लपून राहायला नको. ओढ्याच्या दाराला बारीक जाळी ठोकली. जुने राखणदार हे करत. त्याने मधल्या वर्षांत आळसाने सोडलं होतं. वसंतात तो बसने कचेरीत गेला. अंगात लग्नातला कोट होता. झ्दिस्लावाच्या टेबलापुढे उभं राहून, टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, श्तिका हव्यात. पण लहान. बोटाएवढ्या."

"बोटाएवढ्याच देणार होते, काका," ती म्हणाली. "मोठ्या कार्पात लहान श्तिका. शरदापर्यंत ती कितीही वाढली तरी तुमच्या कार्पाला तिचं तोंड पुरणार नाही. बारक्या मासळीची उरलीसुरली पिल्लं तेवढी गिळेल."

बापाने मोठ्या श्तिका आणि लहान कार्प सोडले होते. व्हेंडेलिनला ते तिथेच, टेबलापाशी उभ्याउभ्या लक्षात आलं. चोर घरात घेणं ही बापाची चूक नव्हती. चोर केवढा आणि घरातलं माणूस केवढं, हे त्याने पाहिलं नव्हतं. हे तो कुणाला बोलला नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला मात्र त्याने विनाकारण आपल्या बापाचं नाव सांगितलं.

मे महिन्यात श्तिकांची पिल्लं पाण्याच्या कॅनमधून आली. त्याने ती लव्हाळ्याच्या कडेने वाटीवाटीने सोडली, एका जागी फार होऊ नयेत म्हणून. एका जागी ठेवली तर ती एकमेकांनाच खातात. गुत्त्यात बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. बीअरचा पेला पुढे करत मालक म्हणाला, की सौचेकांनी चोरांना भाडेकरू ठेवलंय म्हणे. कुणीतरी मागून विचारलं, आपापला मासा घेऊन यायचा की यंदा यजमान देणार. बापाच्या वेळचीच चेष्टा, चाळीस वर्षं मुरलेली. व्हेंडेलिनने बीअर संपवली आणि सांगितलं की मीठ मात्र घरून आणा.

खत त्याने निम्म्यावर आणलं, आणि याची त्याला श्तिकांपेक्षा जास्त भीती वाटली. वाढणारा हात आखडणं त्याला पाप वाटे. जूनमध्ये बांधावर पालथं पडून हात बुडवला तर मनगट बुडाल्यावरही बोटं दिसली. जुलैत बांधाच्या सावलीत पाण्यात तांबूस ढग हलताना दिसला. त्याने तळहाताने पाणी उचललं. ठिपके उड्या मारत होते.

तरीही ऑगस्टमध्ये त्याचा धीर सुटला. लव्हाळ्यात एकसारखे सपकारे ऐकू येत. प्रत्येक सपकाऱ्याला त्याला वाटे, गेला एक कार्प. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागी माणूस आपली जुनी भीती ठेवतो. एका सकाळी तो भाला घेऊन पाण्यात उतरला. वीतभर श्तिका लव्हाळ्याच्या काड्यांमध्ये उभी होती. हाताला इतक्या वर्षांची सवय. त्याने विचार करायच्या आत भाला मारला होता.

खोपटाच्या दाराशी बसून त्याने तिचं पोट चिरलं. आत बारकी मासळी होती, एकीत एक चेपून बसवल्यासारखी, शेवटची तर शेपूट घशात असलेली. कार्पाचं एक खवलंही नव्हतं. व्हेंडेलिनने तो जबडा दारावर ठोकला नाही. मासा घरी नेऊन दिला. आनेश्काने पोट पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मेलेल्याला वाया का घालवायचं म्हणून जिऱ्यावर आणि लोण्यात परतला. जेवताना ती एवढंच म्हणाली, की भाला आता टोमॅटोच्या वेलाला आधार द्यायला हवाय. दुसऱ्या दिवशी तो परसात रोवलेला होता.

ऑक्टोबरमध्ये मोरीच्या फळ्या निघाल्या. पाणी उतरू लागलं तसा व्हेंडेलिन जेवेनासा झाला. काठावर गाव जमलं, रमचा चहा फिरू लागला, बार्टाकसाहेब रबरी बूट घालून स्वतः आले. व्हेंडेलिनने जाळ्याची तीच दोरी धरली, बापाच्या वेळी धरलेली, डावीकडची. सगळ्यांनी ‘ओढा’ म्हटलं तेव्हा त्याने ओढली आणि दोरी आली नाही. त्याला वाटलं, जाळं बुंध्यात अडकलं. शेजारचा माणूस म्हणाला, "अडकलं नाही, सौचेक. भरलंय."

चमत्कार झाला नव्हता. जुन्या चांगल्या वर्षांइतका मासा काही नव्हता. पण कार्पांना पाठी होत्या, हातात धरले की ते हाताला ओढत होते, आणि बारकी मासळी शोधायला लागत होती. श्तिकाही आल्या, दीड वीत वाढलेल्या, तकतकीत. लोक पाहत होते की आता व्हेंडेलिन त्या पिंपात आपटतो की काय. त्याने त्या दोन्ही हातांनी उचलून पाण्याच्या टाकीत ठेवल्या, एकीने अंगठ्याला चावा घेतला तरी. मग तिला मात्र एक शिवी दिली.

बार्टाकसाहेब काट्यापाशी उभे राहून वजनं लिहून घेत होते. झाल्यावर त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चौथ्या मजल्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो."

"द्या," व्हेंडेलिन म्हणाला. "गरम पाणी असलेली जागा आहे, कुणीही घेईल."

झ्दिस्लावा दोरी गुंडाळत होती. तो होडीकडे गेला, वल्हं काढलं आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चिखलाने त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"बाई, वाका."

"गेल्या खेपेलाही आले होते मी, काका. आणि त्याच्या आधीही."

"माहीत आहे. म्हणूनच दोन जास्त बसतील."

ती वाकली. काठावरच्यांनी रीतीप्रमाणे फटके मोठ्याने मोजले. आनेश्का सुपाचा डाव हातात धरून मोजत होती, आणि तिसरा फटका हळू बसला असं तिचं मत पडलं.

व्हेंडेलिन सौचेकने त्यानंतर अकरा वर्षं तळं राखलं आणि दर मे महिन्यात बोटाएवढ्या श्तिका सोडल्या. त्यांच्याबद्दल त्याचं मत फारसं बदललं नाही. चोर तो चोरच, असं तो म्हणे. पण कुणाचा, ते पाहावं लागतं. खोपटाच्या दारावरचे जबडे त्याने काढले नाहीत. काढले तर भोकं दिसतील आणि थंडीत वारा आत येईल, असं त्याचं म्हणणं होतं. श्तिका लोण्यात परतलेली त्याला अखेरपर्यंत आवडे.